कॅरिबियन प्रवाळांवरील उथळ स्कूबा डायव्हिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत किंवा युरोपात स्थायिक झालेली आणि सुट्टीत कॅरिबियन बेटांकडे वळणारी मराठी मंडळी, तसेच मालवणला किंवा अंदमानात पाण्याखालचा पहिला श्वास घेऊन आता पुढचा बेत आखणारे वाचक यांना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरांत बोनेअर या बेटाचा उल्लेख वारंवार येईल. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेले हे छोटे बेट २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे आणि उथळ डायव्हिंगसाठी त्याच्याइतके सोयीचे बेट कॅरिबियनमध्ये क्वचितच सापडेल.

उथळ म्हणजे नेमके किती खोल?

स्कूबा शिकवणाऱ्या संस्थांनी ‘उथळ’ अशी वेगळी पायरी आखलेली नाही. ओपन वॉटर प्रमाणपत्राने १८ मीटरपर्यंत जाता येते; प्रमाणपत्राशिवाय, प्रशिक्षकाच्या सोबतीने केलेली ओळखीची डाइव्ह १२ मीटरवर थांबते. या उत्तरांत उथळ म्हणजे पृष्ठभागापासून साधारण १२ मीटरपर्यंतचे पाणी, आणि त्यातही विशेषेकरून ४ ते १० मीटरांचा पट्टा असे धरले आहे. बोनेअरच्या पश्चिम किनाऱ्यावर ही रेषा समुद्रतळानेच आखून दिली आहे. किनाऱ्यापासून वाळू, तुटकी प्रवाळे आणि जिवंत प्रवाळांचे गठ्ठे यांचा जवळजवळ सपाट पट्टा सुरू होतो, तो साधारण १० मीटरांच्या आसपास संपतो आणि तेथून भित्तीचा उतार निळ्या पाण्यात खाली जातो.

खरी मजा खोल पाण्यात असते असे सगळे सांगतात. उथळ पाण्यात पाहण्यासारखे काय उरते?

प्रवाळभित्ती उभी राहते तीच मुळी उथळ पाण्यात, कारण प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात, ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देतात. प्रकाश भरपूर असेल तेथे प्रवाळ वेगाने चुना साठवते, प्रवाळ वाढते तेथे कपारी तयार होतात, आणि कपारी असतात तेथे लहान माशांची वस्ती होते. कॅरिबियनमधील एल्कहॉर्न हे एल्क हरणाच्या रुंद शिंगांसारखे दिसणारे प्रवाळ तर मुख्यतः पहिल्या पाचेक मीटरांतच वाढते. जो डायव्हर उडी मारल्याबरोबर ३० मीटरकडे निघतो, तो त्याच्यावरून नुसता पोहत जातो.

खोल पाण्याचे आकर्षण खोटे आहे असे नाही. बुडालेली जहाजे, उभ्या कडा आणि मोठे स्पंज बहुधा खालीच असतात. बोनेअरजवळ १९८४ मध्ये बुडालेले ‘हिल्मा हूकर’ हे मालवाहू जहाज सुमारे ३० मीटरांवर पडलेले आहे आणि ते पाहण्याजोगे आहे. मात्र डायव्हरांच्या गप्पांत खोलीला जे वजन मिळते ते बरेचसे आकड्याच्या सोयीमुळे मिळते, असे आमचे मत आहे. ‘तीस मीटर’ हे दोन शब्दांत सांगता येते. एका खडकासमोर तासभर काय पाहिले, ते सांगायला ऐकणाराही तेवढाच सवडीचा लागतो.

उथळ पाण्यात टाकी खरोखरच जास्त वेळ पुरते का?

पुरते, आणि फरक मोठा आहे. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर १, १० मीटरवर २ आणि ३० मीटरवर ४ वातावरणे, असा हिशेब आहे. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात आणून देणारे उपकरण, आपल्याला भोवतालच्या दाबाचीच हवा देतो, त्यामुळे एका श्वासाला लागणारी हवाही त्याच पटीत वाढते.

एक साधे गणित मांडू. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (एक बार म्हणजे जवळजवळ एक वातावरण) दाबाने भरलेली हवा म्हणजे सुमारे २,२०० लिटर. शेवटचे ५० बार राखीव ठेवले, तर वापरायला १,६५० लिटर उरतात. शांतपणे पोहणारा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेत असेल, तर ६ मीटरवर त्याला ३२ लिटर लागतील आणि टाकी पन्नास मिनिटांहून थोडी अधिक चालेल. तोच माणूस ३० मीटरवर मिनिटाला ८० लिटर संपवेल आणि त्याच्याजवळ जेमतेम वीस मिनिटे असतील. सरावाने ज्यांचा श्वास मिनिटाला १५ लिटरवर आला आहे, ते ६ मीटरवर सत्तर मिनिटांच्या जवळ सहज जातात.

शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनची मर्यादा वेगळी. पाडी या स्कूबा शिकवणाऱ्या संस्थेच्या कोष्टकानुसार पहिल्या डाइव्हसाठी ३० मीटरवर २० मिनिटे, १८ मीटरवर ५६ मिनिटे आणि १० मीटरवर २१९ मिनिटे ही विनाथांबा वर येण्याची कमाल मर्यादा आहे. म्हणजे १० मीटरच्या वर हवा संपते किंवा थंडी वाजू लागते, पण कोष्टकाची मर्यादा सहसा आड येत नाही. दिवसात तीन-चार डाइव्ह करणाऱ्यांनी तरीही डाइव्ह कॉम्प्युटर मनगटावर बांधावाच, कारण प्रत्येक डाइव्हचा नायट्रोजन पुढच्या डाइव्हच्या खात्यात जमा होत असतो.

पाण्याखाली सगळे निळे दिसते, मग चित्रांतले रंग कुठून येतात?

पाणी प्रथम लाल प्रकाश शोषून घेते. पहिल्या पाच ते दहा मीटरांतच लाल रंग फिका पडू लागतो, त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा जातो, आणि खोलवर निळा-राखाडी तेवढा उरतो. ३० मीटरवर लाल स्पंज काळपट दिसतो आणि त्याचा खरा रंग पाहायला टॉर्च पेटवावा लागतो. चार-पाच मीटरांवर दुपारच्या उन्हात हे दिवे लागत नाहीत. पोपटमाशाचा हिरवा-गुलाबी रंग, पंख्यासारखी जांभळी सी फॅन प्रवाळे, पिवळ्या कडांची खवले असलेला काळा फ्रेंच एंजलफिश, हे सगळे नुसत्या डोळ्यांनी दिसते. छायाचित्रे काढणाऱ्यांनीही सुरुवात येथेच करावी; महागडे फ्लॅश नसले तरी फोनच्या जलरोधक खोक्यावर काम भागते.

मास्कच्या काचेमागून वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि एक चतुर्थांशाने जवळ दिसतात, हे मात्र लक्षात असू द्यावे. परतल्यावर सांगितलेल्या माशांच्या लांबीतून तेवढी वजावट ऐकणाऱ्याने करून घ्यावी.

नेमके कोणते प्राणी दिसतात?

या प्रश्नाचे उत्तर यादीने देता येते, पण यादी घेऊन उतरणारा माणूस बहुधा निराश होतो. मासा ओळखणे ही पहिली पायरी. तो काय करतो आहे हे पाहणे हा या डाइव्हचा खरा मोबदला आहे, आणि त्यासाठी लागणारा वेळ फक्त उथळ पाणी देते.

पिवळ्या डोक्याच्या जॉफिशचे उदाहरण घ्या. बोटाएवढा हा मासा वाळूत खड्याखड्यांनी बांधलेल्या बिळात राहतो आणि बिळाच्या तोंडावर शेपटी खाली करून उभा तरंगतो. डायव्हर जवळ आला की शेपटीकडून आत सरकतो. आठ-दहा मिनिटे वाळूपासून थोडे वर, हालचाल न करता थांबले की तो पुन्हा वर येतो, आणि नशीब असेल तर नराच्या तोंडात अंड्यांचा गोळा दिसतो. अंडी तोंडात सांभाळण्याचे काम या माशात बाप करतो; मधूनच तो गोळा थोडा बाहेर काढून पाण्यात खेळवतो आणि परत तोंडात घेतो. तीस मीटरवर वीस मिनिटे घेऊन आलेल्याला असे थांबणे परवडत नाही.

सार्जंट मेजर या पट्टेरी माशाचा नर खडकावर जांभळट अंड्यांचा थर राखत बसतो, त्या काळात गडद निळा पडतो आणि स्वतःच्या शेकडो पट मोठ्या डायव्हरवरही चाल करून येतो. ट्रम्पेटफिश हा काठीसारखा लांब शिकारी पोपटमाशाच्या पाठीला चिकटून पोहतो आणि त्याच्या आडोशाने सावजाजवळ पोचतो. हे खरोखर उपयोगी पडते का, हे क्युरासाओ या बेटाजवळच्या समुद्रात तपासले गेले: संशोधकांनी दोन्ही माशांच्या प्रतिकृती दोरीवरून लहान डॅमसेल माशांच्या वस्तीपुढे नेल्या, आणि पोपटमाशासोबत आलेल्या ट्रम्पेटफिशला ते लहान मासे कमी बिचकले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी बोनेअरच्या पट्ट्यावर थोडा वेळ घालवला आहे त्यांना ही जोडी एकदा तरी दिसलेली असते.

सफाईची ठिकाणे तर चुकवूच नयेत. समुद्रफुलाच्या शेजारी पेडरसन कोळंबी राहते, पारदर्शक अंगाची आणि जांभळ्या ठिपक्यांची; ती लांब पांढऱ्या मिशा हलवून गिऱ्हाईक बोलावते. हेकरू (ग्रूपर) येतो, जबडा उघडून स्वस्थ उभा राहतो आणि कोळंबी व लहान गोबी मासे त्याच्या कल्ल्यांत शिरून परजीवी टिपतात. एरवी जो मासा त्यांना गिळू शकतो तोच येथे रांगेत थांबतो. डायव्हरने दोन मीटर अंतर राखले तर हा व्यवहार त्याच्यासमोर निर्धास्त चालू राहतो.

कोकणातल्या वाचकाला बरीच मंडळी ओळखीची वाटतील. पाकट वाळूत अंग पुरून बसलेला असतो, शेवंड कपारीतून मिशा बाहेर काढून असतो, वाम तोंड उघडमीट करत असते (ते चिडल्याचे लक्षण नव्हे, तो तिचा श्वास आहे). मोरपंखी रंगाच्या ठिपक्यांचा लेप हा चपटा मासा वाळूवर अंगाचा रंग बदलत सरपटतो. म्हाकूळ मात्र ताटात पाहिलेल्यापेक्षा निराळेच असते: कॅरिबियन रीफ स्क्विड चार-सहाच्या ओळीत तरंगतात आणि कातडीवर पट्टे-ठिपके उमटवत एकमेकांशी संवाद साधतात. मादी आणि प्रतिस्पर्धी नर यांच्या मध्ये असलेला नर मादीकडच्या अंगावर एक नक्षी आणि प्रतिस्पर्ध्याकडच्या अंगावर दुसरी, अशी एकाच वेळी दाखवू शकतो.

हॉक्सबिल आणि हिरवी कासवेही याच पाण्यात चरतात. घोडामासा आणि फ्रॉगफिश असतात, पण ते दाखवणारा स्थानिक गाइड असेल तरच बहुतेकांना दिसतात.

रात्री उथळ पाण्यात उतरण्यात काय अर्थ आहे?

अंधारात भित्तीची पाळी बदलते. पोपटमासे खडकाच्या सांदीत झोपतात, आणि त्यांच्यातल्या काही जाती अंगाभोवती बुळबुळीत पारदर्शक आवरण विणून त्यात रात्र काढतात. ऑक्टोपस बाहेर पडतात. टारपॉन हे माणसाएवढे चंदेरी मासे डायव्हरच्या टॉर्चच्या झोतात आलेला मासा पकडायला अगदी बाजूने जातात. पहिल्यांदा हे अनुभवताना दचकायला होते, पण ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. टॉर्च झोपलेल्या माशावर रोखू नये, एवढे पथ्य पाळावे, कारण ते त्या माशाला पकडून देण्यासारखेच होते.

कॅरिबियनची खास गोष्ट म्हणजे ऑस्ट्राकॉड. तिळाएवढा हा कवचधारी जीव पाण्यात निळा चमकणारा द्रव सोडतो. मादीला बोलावण्यासाठी नर वर किंवा तिरपे पोहत ठराविक अंतरावर एकेक ठिपका सोडतात, त्यामुळे अंधारात निळ्या मण्यांच्या माळा उमटतात आणि विझतात. प्रकाशाने असे प्रियाराधन करणारे ऑस्ट्राकॉड केवळ कॅरिबियन परिसरातच आढळतात. यासाठी पूर्ण अंधार लागतो, म्हणून पौर्णिमेनंतर दोन ते पाच दिवसांनी, सूर्यास्तानंतर सुमारे पाऊण तासाने आणि चंद्र उगवण्यापूर्वी, चार-पाच मीटर पाण्यात टॉर्च विझवून थांबावे. आपल्या पंचांगाच्या भाषेत वद्य द्वितीया ते पंचमी. संकष्टीला चंद्र किती वेळ ताटकळत ठेवतो हे ठाऊक असणाऱ्या घरांना ही वेळ वेगळी समजावून सांगायला नको.

प्रवाळांचे प्रजननही चंद्रावरच चालते. ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान, पौर्णिमेनंतरच्या काही ठराविक रात्री, अनेक जातींची प्रवाळे एकाच वेळी अंडी आणि शुक्राणूंच्या गुलाबी गोळ्या पाण्यात सोडतात. स्थानिक डाइव्ह शॉप या रात्रींचे अंदाज आधीच जाहीर करतात. सहलीच्या तारखा ठरवताना ते पाहावेत.

एवढेच असेल तर स्नॉर्केल पुरेसे नाही का?

पहिल्या दोन मीटरांसाठी पुरेसे आहे, आणि क्लाइन बोनेअर या निर्जन बेटाभोवती तर स्नॉर्केलची मजा काही कमी नाही. फरक कोनाचा आणि थांबण्याचा आहे. वरून माशांच्या पाठी दिसतात. कपारीच्या आतले, प्रवाळाच्या छताखालचे, वाळूला टेकून चाललेले जग त्यांच्या पातळीवर गेल्याशिवाय दिसत नाही. शिवाय पृष्ठभागावरचा माणूस लाटेबरोबर हलत राहतो.

यासाठी बोनेअरच का? इतर बेटे नाहीत का?

कारण तेथे बोट लागत नाही. व्यापारी वारे बहुतेक वर्षभर पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे बेटाचा पश्चिम किनारा आडोशाला राहतो आणि प्रवाळभित्ती किनाऱ्याला लागूनच आहे. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड डाइव्हच्या जागा दाखवतात. त्यांवर जागेचे नाव लिहिलेले असते. लोक पिकअप गाडी भाड्याने घेतात, मागे टाक्या ठेवतात आणि दगड पाहून गाडी थांबवतात. मोटारींच्या नंबरप्लेटवरही डायव्हरांचे नंदनवन अशा अर्थाची ओळ असते, आणि ती अतिशयोक्ती वाटत नाही. आपला वेळ आपल्या हातात असणे उथळ डायव्हिंगला फार मानवते: बोटीवरच्या वीस जणांसाठी कुणाला लवकर वर यावे लागत नाही.

भरती-ओहोटीही सोयीची आहे. कोकणात पाणी दोन-तीन मीटरांनी चढते-उतरते. कॅरिबियनमध्ये हा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्याही आत असतो, म्हणून पाच मीटरचा खडक दिवसभर जवळजवळ पाच मीटरवरच राहतो.

बेटाच्या दक्षिणेला मिठागरे आहेत आणि मीठ जहाजांवर चढवणारा सॉल्ट पिअर हा धक्का उथळ डाइव्हची एक उत्तम जागा आहे. स्पंज आणि नारिंगी कप कोरलने मढलेल्या खांबांमधून मासे फिरतात आणि वरून उन्हाचे पट्टे खाली उतरतात. धक्क्याला जहाज लागलेले असेल तर तेथे उतरता येत नाही.

इतर बेटांवरही अशा जागा आहेत. क्युरासाओला काराकास बे येथे एक छोटी टगबोट अवघ्या पाच मीटरांवर उभी आहे. सेंट क्रॉय बेटावरील फ्रेडरिकस्टेड पिअर घोडामाशांसाठी प्रसिद्ध आहे. डोमिनिकात शॅम्पेन रीफवर ज्वालामुखीच्या उष्णतेमुळे तळातून बुडबुडे वर येतात. ग्रेनाडाच्या मोलिनेर उपसागरात २००६ पासून पाण्याखालचे शिल्पउद्यान आहे. ग्रँड केमनच्या स्टिंगरे सिटीत पाकटांना खाऊ घालून माणसाळवले आहे. तेथे गर्दी फार आणि प्राण्यांच्या स्वाभाविक वागण्याचा पत्ता नाही, म्हणून आम्ही ती जागा सुचवत नाही.

उथळ पाणी म्हणजे धोका नाही, असे समजावे का?

मुळीच नाही. नायट्रोजनची गुंगी साधारण ३० मीटरच्या आसपास जाणवू लागते, ती येथे नसते. डीकम्प्रेशनचा, म्हणजे वर येताना विरघळलेल्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होण्याचा, धोका पुष्कळ कमी होतो. आणि काही बिघडले तर पृष्ठभाग जवळ असतो. पण फुप्फुसांच्या बाबतीत पहिले दहा मीटरच सर्वांत कठोर आहेत. ३० मीटरवरून २० मीटरवर येताना हवा एक तृतीयांशाने फुगते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना ती दुप्पट होते. भरल्या छातीने श्वास रोखून सव्वा मीटर वर आले तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते आणि हवेचा बुडबुडा रक्तात शिरू शकतो. म्हणून श्वास कधीही रोखू नये हा नियम जलतरण तलावातही लागू आहे.

कानांचेही तसेच. दाबाचा सर्वाधिक फरक वरच्या पट्ट्यात असल्याने दर मीटरला नाक दाबून कान मोकळे करावे लागतात, आणि एका खडकावरून दुसऱ्यावर सारखे वर-खाली करणाऱ्याचे कान संध्याकाळी दुखतात. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरू नये. बोटींची ये-जा असलेल्या ठिकाणी वर येताना हात उंच धरून वर पाहावे आणि फुगवता येणारा नारिंगी मार्कर जवळ ठेवावा. दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसाची जुनी तक्रार असल्यास नोंदणीच्या वेळी प्रश्नावलीत खरे उत्तर द्यावे आणि डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पाण्यात एका जागी स्थिर राहता येत नाही. काय करावे?

ही अडचण उथळ पाण्यातच जास्त भेडसावते, आणि त्याची कारणे समजली की सुधारणा लवकर होते. थोडेसे वर-खाली झाले की बीसीडीमधल्या (तरंगणे सांभाळण्यासाठी हवा भरायच्या जाकिटातल्या) हवेचे आकारमान येथे झपाट्याने बदलते. शिवाय भरलेल्या ११ लिटरच्या टाकीतील हवेचेच वजन अडीच किलोच्या वर असते. डाइव्हच्या शेवटी त्यातली बरीच हवा गेलेली असते आणि रिकामी होत आलेली ॲल्युमिनियमची टाकी वर ओढू लागते. त्यामुळे पहिल्याच डाइव्हच्या शेवटी, टाकीत ५० बार असताना, पाच मीटरवर बीसीडी रिकामी करून स्थिर राहता येते का हे पाहावे आणि वजन त्यानुसार ठरवावे. त्यानंतर बीसीडीला हात कमी लावावा आणि श्वासानेच वर-खाली व्हावे: पूर्ण श्वास घेतला की अंग सावकाश वर जाते, सोडला की खाली येते.

अंग आडवे, गुडघे थोडे वाकलेले आणि फिन्स मागे वर ठेवल्या तर वाळू उडत नाही. लाटेची ओढ असेल तर तिच्याशी झगडू नये. ती पुढे नेते तेव्हा पोहावे, मागे ओढते तेव्हा थांबावे. आधारासाठी खडकाला हात लावण्याची सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडावी. कॅरिबियनमध्ये फायर कोरल मोहरीच्या रंगाचे, दिसायला निरुपद्रवी असते आणि त्याचा दाह दिवसभर पुरतो.

मालवणला स्कूबा केले आहे. तेवढे पुरेल का?

मालवणात पर्यटकांसाठी जी स्कूबा होते, ती प्रशिक्षकाने धरून नेलेली ओळख असते. तिने भीती मोडते, पण स्वतंत्रपणे उतरण्याचा परवाना मिळत नाही. ओपन वॉटरचा अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो, वय किमान १० वर्षे लागते, २०० मीटर पोहून आणि १० मिनिटे तरंगून दाखवावे लागते. तारकर्लीच्या एमटीडीसीच्या संस्थेत, अंदमानात किंवा पुदुच्चेरीला तो पूर्ण करून गेले, तर कॅरिबियनमधले मोलाचे दिवस वर्गात जात नाहीत. मालवणच्या समुद्रात शिकण्याचा एक फायदाही आहे: कमी दृश्यतेत बडीजवळ (सोबतच्या जोडीदाराजवळ) राहण्याची सवय लागते. बोनेअरला वीस-तीस मीटरपर्यंत आरपार दिसते, त्यामुळे तेथेच शिकलेले लोक बडीपासून फार दूर जातात.

चष्मा लागतो. अडचण येईल का?

नाही. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात आणि मऊ कॉन्टॅक्ट लेन्सही चालतात. चाळिशीचा चष्मा असलेल्यांनी मास्कच्या आत खाली चिकटवायच्या छोट्या भिंगांची सोय करावी, कारण येथे पाहण्यासारखे बरेच काही नखाएवढे असते.

कॅरिबियन प्रवाळे मरत आहेत असे वाचले. मग जाऊन काय दिसणार?

बातमी खरी आहे आणि ती जाणूनच जावे. १९८३ मध्ये पनामाजवळ सुरू झालेल्या साथीत लांब काट्यांचे काळे सी अर्चिन वर्षभरात जवळजवळ संपूर्ण कॅरिबियनमधून नाहीसे झाले. शैवाल खाऊन खडक स्वच्छ ठेवण्याचे काम तेच करत असल्याने शैवाल माजले आणि प्रवाळांच्या पिल्लांना बूड टेकायला जागा उरली नाही. २०२२ मध्ये त्यांच्यावर पुन्हा साथ आली. दरम्यान श्वेतपट्टा रोगाने स्टॅगहॉर्न हे फांद्याफांद्यांचे प्रवाळ आणि एल्कहॉर्न यांचा मोठा हिस्सा संपवला. २०१४ मध्ये फ्लोरिडाजवळ आढळलेला, मेंदूच्या घड्यांसारख्या ब्रेन कोरलसह वीसहून अधिक जातींचा ऊतिनाश करणारा रोग २०२३ मध्ये बोनेअरला पोचला. त्याच वर्षी समुद्र विलक्षण तापला आणि प्रवाळे पांढरी पडली. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातील चौथी व्यापक विरंजन घटना जाहीर केली. उथळ पट्ट्याला लाटांचाही मार बसतो: १९९९ मध्ये पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकलेल्या लेनी चक्रीवादळाने बोनेअरच्या एरवी शांत असलेल्या किनाऱ्यावरची प्रवाळे मोडली.

म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या वर्णनांतली घनदाट शिंगांची राने शोधायला गेलात तर ती तशी मिळणार नाहीत. तरीही मासे, कासवे, स्पंज आणि अपृष्ठवंशी प्राणी यांची समृद्धी आहे, आणि दुरुस्तीचे कामही उथळ पाण्यातच चालते. प्लास्टिकच्या नळ्यांच्या झाडांवर स्टॅगहॉर्नचे तुकडे टांगून वाढवतात आणि मग खडकावर लावतात. स्टॅगहॉर्न वर्षाला दहा सेंटिमीटरहून अधिक वाढू शकते, तर ब्रेन कोरलची वाढ वर्षाला सेंटिमीटरभरही होत नाही. दुरुस्तीत आधी स्टॅगहॉर्न हाती का घेतात ते यावरून कळेल. अशा रोपवाटिकेवर प्रशिक्षित पाहुण्यांना काम करता येते, आणि रीफ या अमेरिकी संस्थेच्या मत्स्यगणनेत तर कोणताही डायव्हर आपल्या नोंदी देऊ शकतो. ती गणना १९९३ पासून चालू आहे.

तेथे कोणते नियम पाळावे लागतात?

बोनेअरचे सागरी उद्यान १९७९ मध्ये स्थापन झाले आणि ते भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत बेटाला वेढून आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी निसर्गशुल्क भरावे लागते, माहितीसत्राला बसावे लागते आणि पहिली डाइव्ह तपासणीची करावी लागते. हातमोजे घालण्यास बंदी आहे, कारण हातमोजे घातलेला हात खडकाला बिनदिक्कत धरतो. काहीही उचलायचे नाही, रिकामा शिंपलाही नाही. ऑक्सिबेन्झोन असलेली सनस्क्रीन चालत नाहीत. लांब बाह्यांचा रॅशगार्ड हा त्यावरचा सोपा उपाय. रोग पसरू नये म्हणून डाइव्ह शॉप सांगेल त्याप्रमाणे साहित्य निर्जंतुक करावे. हिंदी व प्रशांत महासागरांतून येथे शिरलेल्या लायनफिशची शिकार करण्याची मुभा केवळ परवानाधारक, प्रशिक्षित डायव्हरांना आहे.

कधी जावे आणि काय न्यावे?

बोनेअर चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला असल्याने वर्षभर जाता येते. बेलीझ, केमन, व्हर्जिन बेटे यांच्यासाठी मात्र जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम लक्षात घ्यावा. पाण्याचे तापमान २६ ते २९ अंश सेल्सियस असते. ते ऊबदार वाटते, पण न हलता सत्तर मिनिटे थांबणाऱ्याला थंडी वाजते, म्हणून ३ मिलिमीटरचा सूट न्यावा. किनाऱ्यावर मोडकी प्रवाळे पसरलेली असल्याने जाड तळव्याचे बूट हवेतच. गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नयेत.

बोनेअरला शेंगेन व्हिसाच्या प्रदेशात गणले जात नाही. कॅरिबियनमधील डच भागांसाठी अल्पमुदतीचा वेगळा व्हिसा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी तिकिटे काढण्याआधी डच दूतावासाकडून आपल्यापुरते नियम तपासून घ्यावेत. चलन अमेरिकी डॉलर आहे.

परतीच्या विमानाआधी किती वेळ पाण्याबाहेर राहावे?

डाइव्ह उथळ असल्या तरी हा नियम शिथिल होत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या शिफारशीनुसार विनाथांब्याची एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस केल्या असतील तर किमान १८ तास थांबावे. व्यवहारात शेवटचा पूर्ण दिवस मोकळा ठेवणे सोयीचे. त्या दिवशी दक्षिणेच्या मिठागरांतले रोहित पक्षी किंवा उत्तरेचे वॉशिंग्टन स्लाखबाई उद्यान पाहता येईल. पृष्ठभागावर स्नॉर्केल करायलाही हरकत नाही, कारण त्यात दाबाखालची हवा श्वासातून घेतली जात नाही. श्वास रोखून पुन्हा पुन्हा खोल बुड्या मारणे मात्र त्या दिवशी टाळावे.